रेस्ट पुरी झाल्याशिवाय

होटगी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सिद्धू,

फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज टाकला की नुसत्या दोन निळ्या खुणा येतात. म्हणून पोस्टानं लिहितोय. होटगीहून सोलापूरला पंधरा किलोमीटर जायला टपालाला चार दिवस लागतात, आमची मालगाडी सुद्धा याहून बरी. पण पाकीट फोडावं तरी लागतं. फोडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

दानू आज तिच्या आईबरोबर, महेश्वरीबरोबर, आली होती. सूनबाई गावातल्या लग्नाला गेली आणि पोरगी माझ्याकडे राहिली. मी कडक भाकरी चुरून दिली, वर शेंगाची चटणी आणि दही. तिनं दोन घास खाल्ले आणि तिसरा घास हातात धरून ती झोपली. बसल्या जागी. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याची मस्करी चाललीय. मग तिचा हात पुसला आणि बाजेवर आडवी केली. अकरा दहाला झोपली, उठली संध्याकाळी सहा पाचला. सहा तास पंचावन्न मिनिटं. डायरीत लिहून ठेवलंय, माझी सवय तुला माहीत आहे.

पंधरा वर्षांची पोरगी भर दिवसा सात तास झोपते, आणि उठून काय करते? रडते. "अज्जा, मला उठवायचं की हो. आज भूमितीचे तीन सरावसंच होते."

मी म्हटलं, रोज झोपतीस किती? तर म्हणाली, साडेचार तास. पप्पा पहाटवर्ग उघडायला आधीच जातात, तिला सव्वापाचला सायकल काढावी लागते, आणि गृहपाठाचा फोटो रात्री बाराच्या आत ग्रुपवर टाकायचा असतो. बारा वाजून एक मिनिट झालं की नाव लाल यादीत. ती सरांचीच मुलगी, तेव्हा तिचं नाव यादीत येऊन कसं चालेल? हे ती मला समजावून सांगत होती, सिद्धू. जणू मलाच कळत नाहीये.

मी अडतीस वर्षं इंजिन चालवलं. बाप म्हणून माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, ड्रायव्हर म्हणून ऐक. त्या पोरीची रेस्ट पुरी होत नाही. रेस्ट पुरी झाल्याशिवाय माणसाच्या हातात गाडी द्यायची नसते, मग ती मालगाडी असो की सायकल. तिचं नाव पहाटवर्गातून काढ आणि तिला सात तास झोपू दे. माझं दुसरं काही मागणं नाही.

चार वर्षांपूर्वी तुझी अव्वा गेली, तिच्या शिवगणाराधनेला, पंगत बसलेली असताना, तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अप्पा, तुम्ही आयुष्यभर नुसते झोपलात." मी त्याच आठवड्यात बाडबिस्तरा उचलून होटगीला आलो. त्या बोलण्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आताही देत नाही. हे पत्र दानूचं आहे, माझं नाही.

अप्पा


होटगी
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

सिद्धू,

तुझी चिठ्ठी पोचली. महेश्वरीनं चकल्यांचा डबा पाठवला, त्यात वर ठेवली होती. वहीचं अर्धं पान, त्याला तेल लागलेलं. "अप्पा, दहावी आहे. तिच्या वयात मी चार तास झोपायचो. तुमचा सल्ला नको." पोराला दोन ओळी लिहायला शिकवायला आम्ही एवढ्या शाळा घातल्या.

आणि चार तासांचं हे कुणाला सांगतोस रे? वर्गात सांग, तिथं पोरं ऐकून घेतील. दहावीला तू भूगोलाच्या पुस्तकावर लाळ गाळत झोपायचास. अव्वा चष्मा काढून ठेवायची तुझा, आणि सकाळी तू तिच्यावरच ओरडायचास की उठवलं का नाहीस. दानू तुझ्यावर गेलीय.

तुझ्या वर्गाला नियम आहेत म्हणे, भिंतीवर टांगलेले. आमचेही होते. बाहेरगावी आठ तास रेस्ट, घरी आलं की सोळा तास. बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये ड्रायव्हर झोपला असेल तर मोठा साहेब आला तरी चपला हातात घेऊन जायचा. घरी ड्यूटीचा कॉल घेऊन माणूस यायचा, त्याच्या वहीत सही करायची, तिथं एक रकाना असायचा, रेस्ट पुरी झाली की नाही. नाही म्हणायचा हक्क होता. ह्या देशात गरीब माणसाला नाही म्हणायचा हक्क कुठं कुठं मिळतो, सांग मला. आम्हाला झोपेच्या बाबतीत होता.

क्वार्टरमधले दिवस तुला आठवत असतील. शिवम्मा, तुझी अव्वा, दाराच्या कडीला पांढरा टॉवेल बांधायची, म्हणजे सगळ्या लाइनीला कळायचं, ड्रायव्हर झोपलाय. रेडिओ बंद. कुकरची शिट्टी वाजायच्या आत ती काढून ठेवायची. तू गोट्या घेऊन पार मालधक्क्यापर्यंत जायचास, कारण जवळ खेळलास की अव्वा तोंडावर बोट ठेवून बाहेर यायची. त्याचा तुला राग आहे, मला ठाऊक आहे. तुझ्या शाळेत कशालाच आलो नाही, त्याचाही आहे. बरोबर आहे तुझं. मी आलो नाही. एकदा आलो होतो, ते सोड.

आता मुद्दा. दानूची भूमितीची वही त्या दिवशी माझ्या बाजेवर राहिली, ती मी चाळली. तुझ्या वर्गातली सगळी पोरं असं सुंदर अक्षर काढतात का? एका पानावर मोठं प्रमेय आहे. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळ्या पायऱ्या जागच्या जागी, मी मॅट्रिकपर्यंतच शिकलो तरी मला कळल्या. शेवटची ओळ अशी आहे, जशीच्या तशी उतरवतो: "म्हणून हा त्रिकोण काटकोन आहे दूध उतू जाईल गॅस बारीक कर."

खाली लाल शाईत बरोबरची खूण. "छान." आणि तुझी सही.

ते पान मी फोनवरून महेश्वरीला पाठवलं आणि तिनं ते दानूला दाखवलं. पोरीला ते लिहिल्याचं आठवत नाही. आधी हसली म्हणे, मग पान परत वाचायला लागली. तिचं मला नवल नाही, ती पेंगत होती. पण तू? तू हे वाचलंस आणि छान लिहिलंस. रात्री किती वह्या तपासतोस? साठ? आणि किती वाजता? सिद्धू, त्या पानावर तुम्ही दोघंही झोपेत होता.

वही सूनबाईकडे परत देतो आहे. पान फाडू नकोस.

अप्पा


होटगी
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

सिद्धू,

शनिवारी माझ्या दारात उभा राहून तू जे बोललास त्याला मी तिथं उत्तर दिलं नाही, कारण आत पोरगी झोपली होती. आता देतो. तुला सगळं ऐकून घ्यायला वेळ नव्हता, तेव्हा आधीपासून सांगतो.

गुरुवारी दानूनं तिच्या आईच्या फोनवरून मला फोन केला. दबक्या आवाजात म्हणाली, "अज्जा, एक सांगू? पप्पांना सांगायचं नाही. मी सकाळी क्लासला पोचते, पण मधला पूल मला आठवतच नाही. गल्लीतून निघाले ते आठवतं, आणि मग एकदम क्लासचं गेट."

तू गणिताचा मास्तर, तुला हे ऐकून काय वाटलं असतं मला माहीत नाही. ड्रायव्हर जेव्हा म्हणतो की मधलं स्टेशन आठवत नाही, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो.

शनिवारी पहाटे शेजारच्या शिवप्पाच्या दुधाच्या टेम्पोत बसलो. तो म्हणाला, "काका, ह्या थंडीत कुटं निगालाव? मागं कॅन हायत, पाय आवरून बसा." पाचला पुलाच्या अलीकडं उतरलो आणि मफलर गुंडाळून कठड्याला टेकून उभा राहिलो. त्यालाही थांब म्हटलं. पाच वीसला दानू आली. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ड्रायव्हरच्या कानात गाणी. पोरीचे पाय पॅडलवर नीट फिरत होते. डोळे मिटलेले होते.

मी हाक मारली, "दानव्वा."

ती म्हणाली, "हं, अज्जा."

आणि पुढं निघून गेली. माझ्यापासून हातभर अंतरावरून. थांबली नाही, वळून बघितलं नाही, होटगीचा म्हातारा पहाटे पुलावर काय करतोय असं तिला वाटलं नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझा डावा गुडघा गेलाय, पण पळालो. कॅरिअर धरून सायकल थांबवली तेव्हा ती जागी झाली आणि किंचाळली. ट्रॅक्टर आमच्या शेजारून गेला. उसाची पानं तिच्या दप्तराला घासून गेली, तेवढंच अंतर होतं.

मग मी तिला क्लासला सोडली नाही. सायकल टेम्पोत चढवली, सूनबाईला फोन केला. ती म्हणाली, "घेऊन जावा मामा, इकडचं मी बघते." तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या घरात एक माणूस जागं आहे ते बरंच आहे.

अकराला तू आलास आणि दारावर धाडधाड केलंस. मी दार उघडलं, आणि सवयीनं माझं बोट ओठावर गेलं. "शू. झोपलीय ती."

तुझा चेहरा मी बघितला. तू पंचेचाळीसचा आहेस, वर्गात साठ पोरं तुला घाबरतात, पण त्या क्षणी तू क्वार्टरच्या दारात उभा असलेला पोरगा होतास. म्हणालास, "सगळं लहानपण हेच ऐकलं मी. शू, अप्पा झोपलेत. आता माझ्या पोरीच्या नावानं पण शू?" मग आत जाऊन तिला उठवलंस आणि गाडीवर बसवून नेलंस. जाताना म्हणालास, आता होटगीला यायचं नाही.

ठीक आहे. पोरगी तुझी आहे. पण मी तुला पुलावरचं सांगितलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस, आठवतं? "हाक ऐकली, ओ दिली, म्हणजे जागीच होती की."

त्या वाक्यानं तीन रात्री माझा पिच्छा सोडला नाही. त्याला माझ्याकडे उत्तर आहे. पस्तीस वर्षं आहे. आज लिहीत नाही. तू फक्त एवढं कर, तिला सायकलवर पाठवू नकोस.

अप्पा


होटगी
सोमवार, १९ जानेवारी २०२६

सिद्धू,

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी बडेसाब मला भेटायला येतो, तसा आलाय. माझा असिस्टंट होता तो, नंतर स्वतः ड्रायव्हर झाला. तुला तो पेढेवाले चाचा म्हणून आठवेल. आता त्याला एका डोळ्यानं दिसत नाही, तरी नातवाला घेऊन जत्रेत हिंडून आला. त्याला दानूचं सांगितलं. सूनबाईनं काल फोनवर सांगितलेलंही सांगितलं, की दानू अजून सायकलनंच जाते, आणि परवा दोन्ही गुडघे फोडून घरी आली. खड्डा होता म्हणाली. त्या रस्त्यावर खड्डा नाही, मी पाहिलाय तो रस्ता.

बडेसाबनं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "बोल देव अब, उस्ताद. छोकरा पैंतालीस का हुआ."

तेव्हा बोलतो.

तू चौथीत होतास. स्कॉलरशिपला नंबर लागला आणि शाळेत सत्कार ठेवला. दुपारी दोनला. रात्रभराची गाडी लेट झाली होती, मी त्या दिवशी दुपारी बाराला घरी आलो होतो. तू गणवेश घालून दारात बसला होतास. म्हणालास, "अप्पा, एकदाच या की." तुझी अव्वा म्हणाली, त्यांना झोपू दे. मी म्हटलं, येतो.

आलो. मागं, नळाच्या कोंडाळ्यापाशी उभा होतो. तुझं नाव पुकारलं तेव्हा तू पाहुण्यांकडे न बघता आधी मला शोधलंस. मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या बाया वळून बघायला लागल्या. नंतर तू भजी खायला लावलीस, तळ्यावर नेलंस, सगळ्या मित्रांना सांगितलंस, हे माझे अप्पा, इंजिन चालवतात. घरी यायला साडेसहा झाले. माणसं कमी होती, सोळा तास व्हायच्या आधीच साडेसातला कॉल आला.

वहीत रकाना होता. रेस्ट पुरी झाली? मी 'होय' लिहून सही केली. माझ्या सगळ्या नोकरीत केलेली एकमेव खोटी सही. म्हटलं, एका रात्रीचं काय.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला, चाळीस डब्यांची मालगाडी. सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं पुकारायचा आणि ड्रायव्हरनं मोठ्यानं परत म्हणायचा, अशी आमची रीत आहे. दोघंही जागे आहेत हे कळावं म्हणून. स्टेशनाबाहेरचा सिग्नल दिसला. बडेसाबनं पुकारलं, "आऊटर लाल." मी म्हणालो, "आऊटर लाल." खणखणीत. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

आणि माझा हात हलला नाही.

बडेसाब सांगतो, माझे डोळे उघडे होते. त्यानं परत पुकारलं, मी परत बरोबर उत्तर दिलं. गाडी तशीच चालली होती. मग त्यानं त्याच्या बाजूचा ब्रेक ओढला. त्या धक्क्यानं मी जागा झालो. गाडी थांबली तेव्हा खिडकीतून हात काढला असता तर सिग्नलच्या खांबाला लागला असता. पलीकडं, स्टेशनात, पॅसेंजर उभी होती. तिच्या शेवटच्या डब्याचा दिवा मला दिसत होता. त्या वेळेला पॅसेंजरमध्ये माणसं कशी झोपलेली असतात, तू प्रवास केलायस, तुला माहीत आहे. बाकावर, खाली, दाराजवळ, पोरं कुशीत घेऊन.

सिग्नल ओलांडला नव्हता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. बडेसाबनं थर्मासमधला चहा ओतून दिला. तो म्हणाला, "पर उस्ताद, आप बोले तो सही थे."

दानूनं पुलावर "हं, अज्जा" म्हटलं ते हे होतं. तू म्हणालास, ओ दिली म्हणजे जागी होती. मीही बरोबर उत्तर दिलं होतं, सिद्धू. दोनदा.

घरी येऊन फक्त तुझ्या अव्वाला सांगितलं. दाराला टॉवेल बांधायची पद्धत त्या दिवसापासूनची. त्याआधी टॉवेल नव्हता, आठवून बघ. ती तोंडावर बोट ठेवून बाहेर यायची, तेव्हा तुझ्यावर रागावून येत नव्हती. ती घाबरलेली असायची. तुला सांगायचं तिच्या कितीदा ओठावर आलं, पण मी तिला शपथ घातली होती. दहा वर्षांच्या पोराला काय सांगू? तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला आलो म्हणून त्या रात्री एवढी माणसं मेली असती? तू पुन्हा कधी नंबर आणला नसतास. म्हणून तुला वाटू दिलं की बापाला पोरापेक्षा झोप प्यारी. मला वाटलं, त्यात तुझं कमी नुकसान आहे. चुकलो मी. तुझं किती नुकसान झालं ते मला त्या दिवशी दारात तुझा चेहरा बघून कळलं.

सोबत डायऱ्यांतली काही पानं आहेत. सातवीचा सत्कार, तुझं नाटक, दहावीचा निकाल, कॉलेजचा समारंभ, सगळ्यांच्या तारखा आहेत. प्रत्येक तारखेपुढं मी लिहिलंय: रेस्ट. गेलो नाही. त्या दिवसांत मी झोपलो असं तुला वाटतं. बाजेवर पडून घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, आता त्याचं नाव पुकारलं असेल. मग झोपायचो, कारण झोपायलाच पाहिजे होतं.

तू कामचोर नाहीस, वाईट बाप नाहीस. पोरांसाठी जीव टाकतोस, हे मला सोलापुरात चार माणसं थांबवून सांगतात, आणि मी छाती काढून ऐकतो. पण परीक्षा महिन्यावर आलीय आणि पोरगी डोळे मिटून पूल ओलांडतेय. मी पुकारलंय. आता नुसतं उत्तर देऊ नकोस. ब्रेकला हात घाल.

अप्पा


होटगी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

सिद्धू,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू आत झोपला आहेस, आणि मी ते तुझ्या चपलेत ठेवणार आहे.

माझ्या मागच्या पत्राला दोन आठवडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, गेलं, हा पोरगा आता पाकीटही फोडायचा नाही. मग मंगळवारी सूनबाईचा फोन आला. पहाटवर्ग बंद. गृहपाठाचा फोटो रात्री नऊच्या आत, आणि नऊनंतर जो फोटो टाकेल त्याचं नाव लाल यादीत. मी एवढा हसलो की शिवप्पा बघायला आला. यादी सोडली नाहीस तू ती नाहीसच. नऊ पोरं दुसऱ्या क्लासला गेली, हेही तिनं सांगितलं. एका पालकानं तुला तोंडावर विचारलं म्हणे, की ऐन परीक्षेत सर ढिले का पडले, आणि तू म्हणालास, "माझी रेस्ट पुरी होत नाही." हे वाक्य मी डायरीत लिहिलंय, तुझ्या नावासह.

आज तू गाडीवरून दानूला मागं बसवून आलास. पिशवीतून तिची भूमितीची वही काढून माझ्यापुढं ठेवलीस, आणि ते पान उघडलंस. "छान" वर रेघ मारलेली होती. खाली तुझ्याच अक्षरात: "पुन्हा लिही. झोपून उठल्यावर." पुढच्या पानावर तिनं लिहिलंय. त्रिकोण काटकोनच आहे, दुधाचा काही संबंध नाही.

मग तू विचारलंस, "अप्पा, त्या दिवशी मला बक्षीस काय मिळालं होतं, आठवतं?"

मला काय विसरायला झालंय? कंपासपेटी. झाकणावर निळं जहाज. झाकण नीट बसत नव्हतं म्हणून येताना वाण्याकडून रबर मागून घेतलंस आणि पेटीला घातलंस. मी हे सांगितलं तेव्हा तू वही मिटून पिशवीत ठेवलीस. मग म्हणालास, "पाच मिनिटं पडतो जरा." मी घड्याळ बघितलं, अकरा वीस झाले होते.

आता सव्वाचार झालेत. तू कूस सुद्धा बदलली नाहीस. तोंड उघडं टाकून झोपला आहेस, अगदी भूगोलाच्या पुस्तकावर झोपायचास तसा. चष्मा मी काढून खिडकीत ठेवलाय, उठल्यावर ओरडू नकोस. दाराच्या कडीला टॉवेल बांधलाय. होटगीत कुणाला त्याचा अर्थ माहीत नाही, पण मला बरं वाटलं.

मघाशी भोंगा लावून भंगारवाला आला. मी उठायच्या आत दानू पायरीवरून पळत गेली, पुस्तक तसंच हातात. तोंडावर बोट ठेवून त्याला म्हणाली, "शू. पप्पा झोपलेत." त्यानं बिचाऱ्यानं भोंगा बंद केला आणि गाडा ढकलत लांबपर्यंत तसाच गेला.

डायरीत अकरा वीस लिहिलंय. पुढचा रकाना तू उठलास की भरीन. घाई नाही.

अप्पा